निव्वळ लोकर

थोरलीच्या शिवणकामाच्या दुकानात त्या दिवशी कापड बेतायच्या लांब टेबलावर ना कात्री होती ना खडू. धाकट्या भावाचं सगळं सामान तिथं मांडलं होतं. दोन दिवसांनी तो डोंगरापलीकडच्या बर्फाळ रानात हरणांची मोजणी करायला निघणार होता. चौघांची तुकडी, नऊ दिवस. सामान तपासायला तुकडीचा म्होरक्या स्वतः आला होता. त्याला पाठीमागं सगळे आठबोट्या म्हणायचे, कारण पायाची दोन बोटं अशाच एका मोजणीत थंडीनं खाल्ली होती. माणूस तिरसट, पण त्याचं ऐकणारा प्रत्येक जण आजवर आपल्या पायांनी घरी आला होता.

त्यानं पहिल्यांदा जीन्स उचलली आणि खुर्चीवर फेकली. मग बनियन, मग रुमाल.

"सुती काही नको. चिंधीसुद्धा नको. सूत पाणी पितं आणि मग सोडायचं नाव घेत नाही. ओलं सूत अंगात घालून बसण्यापेक्षा उघडा बस."

"रुमालानं काय घोडं मारलंय?" धाकटा म्हणाला.

"बाहीला पुस."

बूट घालून त्याला चार फेऱ्या मारायला लावल्या. दोन मोजे घालून बोटं हलत नव्हती, म्हणून एक मोजा कमी झाला. पाच बोटांचे हातमोजे बाद झाले. "चार बोटं एका खोलीत राहू देत, एकमेकांना ऊब देतात," असं म्हणून त्यानं पिशवीसारखे जाड मोजे पुढं सरकवले आणि ते हरवू नयेत म्हणून गळ्यात अडकवायची दोरी थोरलीकडून जागच्या जागी शिवून घेतली.

शेवटी हातात आला तो दुधी रंगाचा स्वेटर. थोरलीनं स्वतः विणलेला.

आठबोट्यानं तो दोन बोटांत चोळला. पुन्हा चोळला.

"फार मऊ आहे. बाई, ही लोकरच ना?"

आता थोरलीची गोष्ट अशी, की या गल्लीत कापडाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. एखाद्या गिऱ्हाइकानं भेसळीचा कोट आणला, तर ती हात लावून सांगायची आणि वर त्याची फिरकीही घ्यायची. पण हा भाऊ! आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा, तेव्हापासून तिनंच वाढवलेला. लोकर अंगाला लागली की "बोचतं, बोचतं" म्हणून घर डोक्यावर घ्यायचा आणि मानेवर चट्टे उठायचे. खरी लोकर दिली तर हा पठ्ठ्या ती पिशवीत ठेवून कुडकुडत बसेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं मऊ दोरा आणला होता. थोडी लोकर आणि निम्म्याहून जास्त सूत. 'सुती काही नको' असं बजावणारी मोजणीच्या सामानाची यादी हातात पडली तेव्हा स्वेटर विणून झाला होता. इतक्या दिवसांचं काम उसवायचं, आणि तेही चूक कबूल करून? तिच्या जिवावर आलं.

"निव्वळ लोकर," ती म्हणाली.

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं." त्यानं स्वेटर घडी घालून ठेवला. वर स्वतःचा एक जुना काळा स्वेटर टाकला, काथ्यासारखा खरखरीत. "हा जादा राहू दे."

धाकट्यानं नाक मुरडलं. थोरलीला मात्र हायसं वाटलं. काळा आहे ना बरोबर, मग झालं तर. तिनं स्वतःची समजूत काढली आणि ती हवा बिघडेपर्यंत टिकली.

ते गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळपासून पाऊस आणि बर्फ एकत्र पडू लागले. थोरली एका कोटाला अस्तर लावत होती. टाके वाकडे जायला लागले. शेवटी तिनं उरलेल्या दुधी दोऱ्याची विणून पाहिलेली पट्टी काढली, खऱ्या लोकरीची एक पट्टी काढली, दोन्ही पाण्यात बुडवून पिळल्या आणि डाव्या मनगटाला लोकर, उजव्याला दुधी, अशा बांधल्या. मग खिडकी सताड उघडली आणि कामाला बसली.

थोड्या वेळानं डाव्या मनगटाचा गारठा कमी झाला. पट्टी ओलीच होती, पण आत कोमट वाटत होतं. उजवं मनगट दुखायला लागलं. मग दुखायचं थांबलं. सुई बोटांतून खाली पडली ते तिला आवाजानंच कळलं.

मनगटावरच्या पट्ट्या सोडायचंही भान राहिलं नाही. दुकान उघडं टाकून ती मोजणीच्या कचेरीकडे धावत सुटली.

तिथं वायरलेसवाला हीटरला पाय लावून बसला होता. रोज चार वाजता तुकडीशी बोलणं व्हायचं. घड्याळात पावणेचार झाले होते.

"त्याला सांगा, दुधी स्वेटर काढ आणि काळा घाल," थोरली धापा टाकत म्हणाली. "एवढंच सांगा."

"बसा ताई, बसा. काळजीचं कारण नाही. काल जरा गडबड झाली, पण निभावलं." त्यानं वही ओढली. "त्यांचा एक जण ओढ्यावरचा बर्फ फुटून पाण्यात पडला. वेळेवर काढला बाहेर. तुमच्या भावाचं कौतुक करायला हवं हं, आपला काळा स्वेटर त्यानं त्याला देऊन टाकला. म्होरक्या नको म्हणत होता. तर हा काय म्हणाला, थांबा, लिहून घेतलंय." त्यानं ओळीवर बोट ठेवलं. "'माझ्याकडे ताईनं विणलेला आहे. निव्वळ लोकर.'"

थोरली भिंतीला टेकली. बाहेर पाणी आणि बर्फ खिडकीवर आपटत होतं.

"तिकडंही असंच आहे का?" तिनं विचारलं.

"याहून वाईट. सकाळपासून."

चार वाजले. वायरलेसवाल्यानं तुकडीला हाक मारली. नुसती खरखर आली. बटणं फिरवून त्यानं पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा मारली. आता त्याचे पाय हीटरवरून खाली आले होते.

"होतं असं कधीकधी हवेमुळं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुमचा निरोप लिहून ठेवतो. आवाज लागला की पहिला तोच देतो. काय लिहू? दुधी काढ, एवढंच? तो विचारेल ना, का म्हणून."

आणि तो खरंच विचारेल, हे तिला माहीत होतं. ताईनं दिलेलं तो कारणाशिवाय काढणार नाही. कारण कळलं तरी त्याच्या जागी घालायला त्याच्याकडे काय उरलं होतं? उजवा हात अजून बधिर होता.

"लिहा," ती म्हणाली. "ताई खोटं बोलली."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग तेवढंच लिहिलं आणि पुन्हा हाक मारायला लागला.