एन्कोट्सच्या बोळातला लेसचा झगा

मँचेस्टरच्या एन्कोट्स भागात, गिरण्यांच्या मागच्या आमच्या बोळात, लेसचा झगा एकच. मालकीण ऑग्डन म्हातारी, पण घालायचा सगळ्या बोळाने. बाप्तिस्म्याला तोच, आणि पोर दगावलं तरी लोकांना बघायला तोच घालून निजवायचं. शवपेटी बंद करताना तेवढा काढून घ्यायचा. लेस विरेल म्हणून गरम पाणी कधी लावायचं नाही, हा म्हातारीचा हुकूम. तान्ह्या पोरांपेक्षा त्या मेल्या लेसचंच कौतुक जास्त!

शनिवारी एडा कर्शॉ तो झगा घेऊन शेजारच्या हॅना टनिक्लिफकडे आली. एडाची ॲलिस मंगळवारीच गेली होती. दात येताना गेली, असं ती सगळ्यांना सांगत होती.

“उद्या एनॉकचा बाप्तिस्मा ना? घे. गार पाण्यातून काढलाय.”

झगा हातात घेताच हॅनाला ॲलिसचं शेवटचं दर्शन आठवलं. भर उकाड्यात पोरीला झग्यावरूनही हनुवटीपर्यंत फडकं गुंडाळून निजवलेलं तिने पाहिलं होतं.

“एडा, खरं सांग. अंगावर लाल पुरळ होतं का?”

“दात येत होते म्हटलं ना!”

“माझ्या एनॉककडे बघून सांग.”

एडाने नजर चुकवली. तशीच पाठ फिरवून गेली. लाल ताप, तो पुरळाचा साथीचा रोग, कळला असता तर आरोग्यखात्याची गाडी पोरीला उचलून नेणार, गादी जाळणार, नवऱ्याला गिरणीच्या दारातून परत पाठवणार. बोळात कुणीही तोंड मिटूनच बसलं असतं. हॅनाला हे कळत होतं, म्हणून तर तिला धड रागही येईना.

तिने कपडे उकळायचा हंडा चढवला, सोडा टाकला आणि झगा आत दाबला. लेस सुटायला लागली तसं तिला हायसं वाटलं. आधीची दोन मुलं तिने मातीत ठेवली होती. हे एक जगायला हवं, बस्स. मग बोळाने वाळीत टाकलं तरी बेहत्तर.

तेवढ्यात ऑग्डन म्हातारी डोकावली आणि किंचाळली, “अगं सटवे! माझ्या आईच्या हातची लेस ती!”

“पोरं मरतायत आजी, आणि तुम्हाला लेसचं पडलंय?”

“झग्याने कधी कुणी मेलंय का गं?”

आरडाओरडा ऐकून एडा धावत आली. हंड्यातल्या चिंध्या बघून ती पांढरीफटक पडली.

“हॅना, आता उकळून काय उपयोग गं… सोमवारी तू लोकांचे धुतलेले कपडे पोचवायला गेलीस ना, तेव्हा हा एनॉक रडून रडून निळा पडला होता. मी घरी नेला त्याला.”

“मग?”

“ॲलिसशेजारी निजवला. इतक्या तापात हसली गं ती याला बघून! याची बोटं तोंडात घालून चोखत बसली. ती हसली, म्हणून मला दुसरं काही सुचलंच नाही.”

एडाच्या थोबाडीत मारावी असं हॅनाला वाटलं आणि तिला पोटाशी धरावं असंही वाटलं. तिने यातलं काहीच केलं नाही. एनॉकला खिडकीपाशी नेऊन त्याच्या अंगावरचं सगळं काढलं. छाती स्वच्छ होती, पाठही. काखेत मात्र लालसर दिसत होतं. घामोळं असेल, उकाडा काय कमी होता?

“एडा, तुझ्या पोरीला सुरुवात कशी झाली होती? ये इकडे, बघून सांग.”

एडा जागची हलेना.

“बघ ना गं! देवाशपथ, मी रागावणार नाही.”

एडा तोंडात एप्रन कोंबून रडायला लागली.