तराफ्याखालची टोपली

आश्विनातली सकाळ खाडीवर पाऊल न वाजवता उतरते. आधी सुरूंच्या शेंड्यांवर केशर, मग कांदळवनाच्या मुळांवर ताम्रवर्ण, मग पाण्यावर नीलहरित, तरल, थरथरती झळाळी. पावसाने गढूळलेली खाडी आता निवळली होती, तिला पुन्हा समुद्राची खारट चव आली होती. कालवांनी बीज सोडण्याचे हेच दिवस.

खाडीत विद्यापीठाचे दोन तराफे, शेजारी-शेजारी. एक कस्तुरी मेथरचा, एक विभावरी केळुसकरचा; दोघी तिथेच शिकवायच्या. बांबूंखाली रिकाम्या शिंपल्यांच्या माळा. तरंगतं बीज त्यांना येऊन धरतं, आणि तिथेच कालव वाढतं. प्रकल्पाचे नेम थोडे, पण कडक. माळेमाळेत हातभर अंतर, कारण पाण्याला वाट हवी. सगळ्यांत मोठी कालवं विकायची नाहीत. त्या आया, त्यांना खाडीच्या मुखाजवळच्या खडकावर सोडायचं, म्हणजे बीज साऱ्या खाडीला. आणि ज्याच्या माळा दिवाळीनंतरही कोऱ्या, तो तराफा काढून टाकायचा. खाडीवर उगाच भार नको.

प्रकल्पप्रमुख देवस्थळी सरांनी गेल्या हंगामाच्या कालवांतून आया निवडल्या. सगळ्याच्या सगळ्या विभावरीच्या.

कस्तुरी तोंडाने "छान गे" म्हणाली आणि आतून जळून कोळसा झाली. दोघींनी एकाच दिवशी बांबू बांधले होते, एकाच चिखलात पाय रुतवले होते. मग त्या घनकवची, विशालदेही, रसगर्भ आया तिच्याच का? विभावरीची घट्ट वेणी खुपली, तिचं गुणगुणणं खुपलं, आणि सगळ्यांत जास्त खुपलं ते तिचं हसू. ते बिचारं कुणाचं काही न घेता येता-जाता उमटायचं.

खडकावर आया सोडायचं काम नेमकं कस्तुरीकडे आलं. होडीत टोपली, टोपलीत आया, आयांवर कोवळं ऊन. होडी खडकाकडे वळलीच नाही. कस्तुरीने टोपलीला दोरी बांधली आणि ती आपल्याच तराफ्याखाली सोडली. आया माझ्या दारात, तर बीजही माझ्याच माळांना!

सुटलेलं बीज कितीतरी दिवस भरती-ओहोटीच्या मागे भटकतं, हे ती स्वतः फळ्यावर चित्र काढून शिकवायची. मत्सराने तेवढंच नेमकं पुसून टाकलं.

भरती आली, ओहोटी गेली. चांदणं आलं, चांदणं गेलं. दिवाळी उलटली. कस्तुरीने एक माळ ओढली, कोरी. दुसरी ओढली, कोरी. आणि पलीकडे विभावरीच्या माळा नखाएवढ्या, करड्या-जांभळ्या बाळकालवांनी दाटून गेलेल्या. आया इथे नांदल्या आणि लेकरं तिथे गेली. चोरी करून कस्तुरीने शेजारणीचंच घर भरलं होतं. तिला रडू आलं, आणि रडण्याहून राग जास्त आला.

तेवढ्यात विभावरीची होडी कडेला लागली. होडीत बीजभरल्या, ओल्या माळा.

"घे गे ह्या. माझ्याकडे गर्दी झाली. पाण्याक वाट व्हयी."

"माझो तराफो काढतले म्हणान दया येता तुका?"

"दया कसली? नेम आसा." विभावरी हसली आणि वाकून माळा बांधू लागली. पाण्याखाली तिच्या बोटांना काहीतरी लागलं. "ही दोरी कसली गे?"

कस्तुरीने दोन्ही हातांनी दोरी ओढली. शेवाळलेली, निथळती टोपली वर आली.

"तुझी कालवां," ती म्हणाली.

विभावरीने टोपलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हातातली माळ सोडली नाही की परत नेली नाही. शेवटची गाठही तितकीच घट्ट मारली. फक्त हसू गेलं. होडी वळली, आणि वल्ह्यांचा आवाज कांदळवनाआड विरला.

कस्तुरीला वाटलं होतं, ते हसू मावळलं की बरं वाटेल. बरं वाटलं नाही.

ती एकटी खडकाशी गेली. एकेक आई पाण्यात सोडत राहिली. शेवटची सगळ्यांत मोठी. तळहातावर जड, गार, गप्प. अजूनही वाटत होतं, ही माझी असती तर. मग हात उघडला. आई खाली गेली, वर एक वलय उमटलं, रुंदावत, रुंदावत, भरतीबरोबर दोन्ही तराफ्यांकडे निघालं.