शनिवार तिचा, रविवार त्याचा

मित्रांनो, जरा पायाखाली बघा. ज्याच्यावर तुम्ही चपलांचा चिखल घासता, ते बाभळीचं काळं लाकूड म्हणजे मी. पारनेर तालुक्यातल्या एका चार खणी घराचा जुना उंबरा.

गोरक्षनाथ सुतारानं मला बांधावरच्या बाभळीतून तासलं. चौकटीत बसवलं त्या दिवशी घरधनीण छबूबाईनं मला दूधपाण्यानं धुतलं, हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि घरातल्यांना बजावलं, "ह्याच्यावर पाय द्यायचा न्हाई." पुष्कळ वर्षं माझा मान राहिला.

पुढे छबूबाईचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं. एकटीला घर झाडणंही जड झालं, तेव्हा तिनं ते शांतवन गवंड्याला विकलं आणि स्वतः शेजारच्या पडवीत राहिली. शांतवन आणि त्याची बायको रोझी, दोघं ख्रिस्ती, कष्टाळू. एकरकमी पैसे त्यांच्याजवळ कुठले असणार? महिन्याचा हप्ता ठरला. कागद लिहिला छबूबाईच्या पुतण्यानं, काकासाहेबानं. घर आपल्याला मिळेल अशी त्याची फार आशा होती. म्हणून त्यानं हळूच दोन अटी घातल्या. ज्याची सही, त्याच्याच हातून पैसे घ्यायचे. आणि लागोपाठ तीन हप्ते चुकले, तर घरही परत अन् दिलेले पैसेही बुडाले.

तीन वर्षं हप्ते बिनबोभाट आले. मग लढाईच्या दिवसांत शांतवनला नगरच्या छावणीत बराकी बांधायचं काम लागलं. शनिवारी संध्याकाळी तो घरी यायचा, सोमवारी पहाटेच्या मोटारीनं परत जायचा. तिथून जे सुरू झालं, त्यानं माझ्यासारख्या लाकडालाही वैताग आला.

शनिवारी शांतवन रुमालात पैसे बांधून हाक मारी, "छबूमावशी, हप्ता आनलाय."

माळ ओढत ती म्हणे, "आज शनवार. शनिदेवाच्या वारी मी पैका घेत न्हाई. उद्या दे की."

"उद्या रविवार हाय, मावशी. आमी प्रभूच्या दिवशी व्यवहार करत न्हाई."

"मंग सोमवारी."

"सोमवारी तुमचं मौन. आन मी पहाटंच मोटारीत."

"व्हय की," असं म्हणून ती पुन्हा माळेला लागे. कुणाला राग नाही, घाई नाही. रोझीनं एकदा मंगळवारी पैसे नेऊन दिले, तर म्हातारी म्हणाली, "तुजी सही न्हाई गं कागदावर." आणि दिव्याचं तेल संपलं की वाटी घेऊन यायची कुणाकडे? रोझीकडेच. पैसे घ्यायचे नाहीत आणि तेल उसनं न्यायचं. मला तोंड असतं तर मी दोघांनाही चार शब्द सुनावले असते.

एक महिना गेला, दुसरा गेला. तिसऱ्याची मुदत सोमवारी संपणार होती. काकासाहेबानं गावात सांगितलंसुद्धा की सोमवारी घराला कुलूप घालतो. चुलती त्या दिवशी बोलणार नाही, शांतवनही घरी नसणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी पुन्हा तेच पालुपद सुरू झालं, तेव्हा रोझी हातातलं पीठ झटकत बाहेर आली.

"तुमच्या दोघांच्या देवांचं भांडान न्हाई, मग तुमी का माजं घर घालवताय? पैसे उंबऱ्यावर ठेवा. देनं न्हाई, घेनं न्हाई, नुसतं ठेवनं. मावशी, तुमी मंगळवारी उचला."

छबूबाईची माळ थांबली. तिन्ही हप्ते घेऊन शांतवनला दारात उभा पाहून, काकासाहेबाच्या कुलपाची गोष्ट आज कुठे तिच्या नीट ध्यानात आली. तिनं माझ्याकडे बघितलं. "ठेव बाबा. पन ती लक्ष्मी हाय. मंगळवारपत्तुर कुनी वलांडायची न्हाई."

शांतवननं स्वतःच्या हातानं रुमाल माझ्यावर ठेवला. छबूबाईनं त्यावर तुळशीचं पान वाहिलं आणि जोत्यावर घोंगडी टाकून बसली. घरातली सगळी मागच्या दारानं ये-जा करू लागली.

सोमवारी काकासाहेब दोन पंच आणि कुलूप घेऊन आला. "काकी, ते बाजूला सारा."

मौनातल्या काकीनं नुसतं बोट दाखवलं. रुमाल, तुळस. पंचांनी चपला काढून हात जोडले.

"मग मागनं जातो," काकासाहेब म्हणाला.

आतून रोझी म्हणाली, "मागचं दार शेळीचं हाय, काकासाहेब. घराचा ताबा शेळीच्या दारानं घेता का?"

पंच हसले. काकासाहेब कुलूप हातात घेऊन माघारी गेला.

मंगळवारी आंघोळ करून छबूबाईनं रुमाल उचलला आणि पंचांना बोलावून सांगितलं, "हप्ता शनवारी आला. मी आज उचलला, येवढंच. आन हितनं पुढं रोझीच्या हातनं घेईन, बुधवारी." मग उसन्या तेलाची वाटी आणून ते सगळं तेल तिनं माझ्या अंगावर चोळलं. तिच्यापायी माझा जीव केवढा मेटाकुटीला आला होता, पण त्या दिवशी मी तिला माफ केलं.

मित्रांनो, घर शांतवनचं झालं. आता त्याची नातवंडं माझ्यावर उभी राहून गप्पा मारतात आणि वाळवी एका टोकानं मला खाते आहे. बोटभर तेल लावा मला, एवढंच मागणं. आणि व्रत जरूर पाळा, माझी ना नाही. फक्त आपल्या व्रतासाठी दारात कोण ताटकळत उभं आहे, तेवढं वाकून बघत जा. वाकाल तेव्हा मीही दिसेन.