झोळीचं वजन

"पाटीसकट मासली मोजून दिली तर तुमी घ्याल काय, मॅडम?" आवडाबाईनं अंगणवाडीच्या दारातूनच विचारलं.

पर्यवेक्षिका प्रणाली मॅडम वही मिटत होत्या. काट्याला टांगलेल्या झोळीत आवडाबाईची दीड वर्षांची नात राही निपचित पडली होती. वजन सात किलो दोनशे. म्हणजे बारीक, पण दवाखान्यात पाठवण्याइतकी नाही.

भिंतीवर मॅडमनी स्वतः रंगवलेला तक्ता होता. कुपोषणामुळे दवाखान्यात दाखल झालेली मुलं: आधी अकरा, मग सात, मग तीन, आता दोन महिने एकही नाही. रेघ घसरगुंडीसारखी खाली आली होती, आणि त्या घसरगुंडीवर बसून मॅडम सोमवारी सत्काराला जाणार होत्या.

"आजी, वजन काटा सांगतो. मी नाही."

"मला काटा शिकवताव? तीस वरसां मासली इकतंय. आधी रिकामी पाटी लावायची, मंग मासली."

"कापडाचं असून असून किती असणार?"

"उतरवा पोरीला नि बगा."

मॅडमनी सेविकेकडं, सुचिताकडं पाहिलं. सुचितानं जमिनीकडं पाहिलं. पूर्वी ती झोळी वजा करायची. कुपोषित मुलांचे आकडे फार येतात, एवढंच मॅडम एकदा म्हणाल्या होत्या.

आवडाबाईनं नातीला कडेवर घेतलं आणि झोळी रिकामी टांगली. जाड कापड, वर लाकडी दांडा. काटा सातशेवर थांबला.

"साडेसहा किलो," सुचिता हळूच म्हणाली. "हिला दाखलच करावं लागंल."

"सोमवारनंतर पाठवू," मॅडम म्हणाल्या.

"तवर काय, बर्फात ठेवू?"

शेवटी मॅडमनी दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. अक्षर चांगलं होतं त्यांचं.

दवाखान्यात कुपोषित मुलांच्या खाटेवर जुन्या पंख्यांची खोकी रचलेली. "दोन महिने कोणी आलंच नाही ना," नर्स म्हणाली. राहीच्या आईनं, शकूनं, एकेक खोकं खाली उतरवलं. नर्स राहीला उचलून काट्याकडं निघाली.

"थांब गो बाय," आवडाबाई म्हणाली. "आधी रिकामा काटा दाखव."

सोमवारी मॅडमचा सत्कार झालाच. तक्ता मागच्या महिन्यापर्यंतचा होता, त्यामुळे राही त्यात बसत नव्हती. टाळ्या पडल्या, शाल मिळाली.

त्या दिवशी राही सहा किलो सहाशे ऐंशी भरली. झोळी वजा करून.