शेठजींच्या खिशातली तार

धुळ्याच्या पेढीवर शेठ कन्हैयालाल खोटं बोलत नसत. मी त्यांचा मुनीम, बावीस वर्षं शेजारी बसलेला, शपथेवर सांगेन. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं, आणि भुईमुगाच्या शेंगांचा भाव अडला की शेठजी तोंडच उघडत नसत.

ते कोटाच्या आतल्या खिशातून एक तार काढत. उघडत, वाचत. चेहरा असा पडे की समोरचा शेतकरी समजे, मुंबईला तेल कोसळलं. तो आपणहून क्विंटलमागं दोन रुपये खाली येई. तार पुन्हा खिशात.

ती तार त्रेसष्ट सालची, इंदूरहून आलेली. त्यांचा एकुलता मुलगा सुरेशचंद तिथं तापानं गेला, त्याची. सुरुवातीला शेठजी ती खरोखरच वाचत. एकदा सौदा चालू असताना हात सहज खिशात गेला आणि समोरचा उतरला. पुढच्या खेपेला हात सहज गेला नाही, पाठवला.

मी एकदा टोचलं, "शेठजी, हे बरं दिसतं का?"

"तार खरी, दुःख खरं. त्यानं त्यात मुंबईचा भाव वाचला, तर त्याला मी काय करू?"

घरी मात्र एक खोटं होतं. मुलाच्या आईनं, सायरबाईंनी, तो कागद मागितला होता. शेठजींनी सांगितलं, अस्थींबरोबर तापीत सोडला.

सदुसष्टच्या दिवाळीनंतर पिंपळनेरकडचा झुलाल पाटील पहिल्यांदाच पेढीवर आला. सोबत बायको भागाबाई. भाव अडला, तार निघाली, चेहरा पडला. झुलाल उठून उभा राहिला. त्याच्या गावात तार यायची ती फक्त मयताची.

"कोन गयं, शेठ?"

शेठजी गप्प.

"तुमना घरमा मयत, अन् मी भाव करत बसू? ऱ्हाऊ द्या. तुमले वाटी तो भाव लावा."

एका वाक्यात सांगता आलं असतं. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं, मी टाकाकडे पाहिलं. दोन नाही, चार रुपये उतरवून भाव लिहिला.

माल खाली झाल्यावर नवरा-बायको घर विचारत दुःख भेटायला गेली. भागाबाई सायरबाईंच्या गळ्यात पडून रडली. "शेठच्या हातात तार आहे," एवढंच सायरबाईंना कळलं.

आता कोण गेलं, या धास्तीनं त्या पेढीवर आल्या. बावीस वर्षांत कधी पायरी चढल्या नव्हत्या. पदर नाकापर्यंत ओढलेला, हात पुढे. शेठजींनी मुकाट तार दिली. सायरबाईंनी ती माझ्यापुढं धरली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"सुरेश गेला. ताबडतोब निघा."

त्या खाली बसल्या. बराच वेळ घड्या चाचपत राहिल्या. कागद घड्यांवर फाटायला आला होता.

"ही तर तापीत सोडली होती. आणि इतकी झिजली कशी?"

"रोज वाचतो," शेठजी म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

सायरबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "चार वर्षं एकटेच रडत होतात? आता घरी वाचा. माझ्यासमोर."

आठवड्यानं शेठजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "लीलाधर, घरी काहीच होत नाही रे. ती समोर बसते, मी वाचतो, डोळे कोरडे ते कोरडेच. काल म्हणाली, मुलगा तुमचाच होता ना?"

मी टाक कानामागं खोवला.

"संध्याकाळी येत जा. गाडीवाला शेतकरी बसतो तसा समोर बस. बोलू नको, नुसता बस."

गेलो. उंबऱ्याशी उकिडवा बसलो. शेठजींनी मला निरखलं, तार उघडली, आणि चेहरा पडला. डोळ्यांतून धार लागली. ती सुरेशसाठी की शेंगांसाठी, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. रडताना ते घाबऱ्या नजरेनं माझ्याकडेच पाहत होते.

तेव्हापासून रोज जातो. सायरबाई चहा देतात. म्हणतात, "तुम्ही आलात की यांना रडू येतं, मुनीमजी. खाडा करू नका."