पांढऱ्या शर्टांची टीम

फैजपूरच्या धुरपदाबाईंना फुटबॉल कळत नव्हता, आणि कळून घ्यावा असं त्यात काही आहे असंही त्यांना वाटत नव्हतं. बावीस धडधाकट बाप्ये एका चेंडूला लाथा घालत पळतात. एवढ्या पळापळीत अर्धी केळीची बाग निंदून झाली असती. पण त्यांचा धाकटा अभिमन जळगावच्या टीमात खेळायचा, भल्याभल्यांना अडवायचा. आणि रविवारी धुळ्याच्या सामन्यात त्यालाच बसवून ठेवणार होते.

सरावाला आलेली टीम गुरुवारी त्यांच्या बागेत चहाला थांबली, तेव्हा कप्तान ज्ञानचंदनेच ते सांगितलं. कापडाच्या पेढीवरचा मुलगा. बागेतसुद्धा बूट झटकत चालायचा.

"अक्का, अभिमन खेळतो झकास. पण शर्टावर असले काळे डाग घेऊन मैदानात उभं राहायचं नसतं."

"कुठी लिव्हेल आहे?"

"लिहिलेलं नसतं, समजून घ्यायचं असतं. पांढरा शर्ट, आत खोचलेला, मोजे गुडघ्यापर्यंत. लोक हसतात हो."

"आई, मी नवा शिवतो," अभिमन पुटपुटला.

"शिव, आन घालून दुसऱ्याच्या घरी राहाय! केळीचा चीक आहे तो, गटारीचा चिखल नाही."

मग धुरपदाबाई एकदम गोड झाल्या. त्यांचं गोड होणं घरच्यांना ठाऊक होतं. अभिमनने हातातला कप खाली ठेवला.

"आल्यासारखे एकेक घड न्या रे घरी. आत्ताच कापून देते."

पोरं खूश. बागेतला माणूस खांद्यावर गोणपाट टाकल्याशिवाय घड उचलत नाही. गोणपाटांचा ढीग बांधावरच होता, पण बाईंनी तिकडे बोट दाखवलं नाही. अभिमन सांगायला उठला, तर असा डोळा वटारला की तो जागीच बसला. ताजा चीक पाण्यासारखा असतो, कुणाला दिसतसुद्धा नाही. पोरांनी पांढऱ्याशुभ्र खांद्यांवर घड घेतले आणि हसत टेम्पोत चढली. ज्ञानचंदने मात्र हात लावला नाही. त्याचा घड दुसऱ्यानेच वाहिला.

रविवारी धुरपदाबाई एसटीने धुळ्याला गेल्या. टीम मैदानात उभी होती. घरोघरच्या आयांनी शर्ट सोडा घालून उकळले होते, आणि चीक काळाकुट्ट होऊन खांद्यापासून कमरेपर्यंत उमटला होता. धुळ्याचे लोक पोट धरून हसत होते. डाग नव्हता एकट्या कप्तानाच्या शर्टावर.

"काय रे ज्ञानचंद," बाई मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी जाऊन म्हणाल्या, "डागवाल्यानं उभं राहायचं नसतं ना? मंग आज तू एकलाच खेळतो का?"

"अक्का, तुम्ही आधी सांगायचं होतं!"

"अरे, समजून घ्यायचं असतं."

पंचांनी दोनदा शिट्टी वाजवली. ज्ञानचंदने एकदा आपल्या टीमकडे पाहिलं, एकदा बाकावरच्या अभिमनकडे.

"चल, ये आत," तो मान वळवून म्हणाला.

अभिमन आईकडे न बघताच आत गेला. रागावला होता. रागावू दे, संध्याकाळी भूक लागली की उतरेल.

जळगाव दोन गोलांनी हरलं म्हणतात. धुरपदाबाईंनी चेंडूकडे पाहिलंच नाही. आपलं पोरगं कुठं उभं आहे, तेवढंच त्या दीड तास बघत होत्या.