हौसाकाकीच्या बापाचा पट्टा

हौसेला मोल नसतं म्हणतात. बरं, मोल नसू दे, पण तिला जागा तरी कमी लागावी की नको? आमच्या आरोंद्याच्या घरात कपाटात लष्करातल्या जुन्या खाकी पिशव्या आणि माझ्या साड्या दोरीवर! माझा नवरा मितेश होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. सवड मिळाली की बेळगावच्या भंगारवाल्यांकडे जातो आणि दुसऱ्या महायुद्धातलं काहीबाही उचलून आणतो. त्या काळचा एक शिपाई त्याला डोक्यापासून पायापर्यंत जुळवायचा होता. पुण्याच्या एका प्रदर्शनवाल्याने सांगून ठेवलं होतं, पूर्ण झाला की घेऊन या.

लाकूड तासून त्याने धड केलं, वर नाकडोळे नसलेलं डोकं बसवलं आणि पडवीत उभं केलं. त्यावर शर्ट, पाठीवर फुली घेणारे पट्टे, काडतुसांच्या थैल्या, जाड लोकरी कापडात शिवलेली पाण्याची बाटली. थंडीत पहाटे खाडीवरचं धुकं थेट पडवीत येतं. दार उघडलं की त्या धुक्यात कोणीतरी उभं असायचं. पहिल्या दिवशी मी किंचाळलेच. पुढे सवय झाली. "वायच सर रे मेल्या," असं त्याला म्हणत मी झाडू मारायची. कधी कधी तो सरल्यासारखाही वाटायचा.

फक्त कमरेचा पट्टा नव्हता, आणि त्याच्याशिवाय बाकी सगळं नुसतं लोंबत होतं.

तसा पट्टा होता, पण शेजारच्या हौसाकाकीच्या ट्रंकेत. काकी ऐंशीच्या पुढची. ती पोटात असताना तिचा बाप लढाईवर गेला तो गेलाच. लढाई संपल्यावर त्याच्या सोबत्याने पट्टा तेवढा आणून दिला. बापाचा फोटो नाही, काही नाही. "आवस सांगी, तो दारातसून वाकान येय," एवढंच आईकडून ऐकलेलं काकीला ठाऊक. आला तसा तो पट्टा कापडात गुंडाळून ठेवलेला, कोणी कधी सैलसुद्धा केला नव्हता.

"त्या ट्रंकेकडे बघितलंस तर याद राख," मी मितेशला बजावलं होतं. पण ऐकेल तर शप्पथ! गेला आणि विचारून बसला. मला वाटलं, आता काकी काठी घेऊन येणार. ती आली पट्टा घेऊन.

"घे," म्हणाली. "पण पुरो उभो केलंस काय आधी माका दाखव. बापाशीक मी कधी बघूकच नाय रे."

मी आत जाऊन रडले.

मितेश पट्टा बांधायला गेला, तर तो धडाला पुरेना. "सैल कर की जरा," मी म्हटलं. माझ्यावरच खेकसला, "तेच्या कमरेचा माप आसा ता!" मग लाकूड काढून पुन्हा तासायला बसला. कंबर बारीक झाली तसे खांदे रुंद दिसू लागले, तेही तासले. उंची मात्र त्याने काकीच्या दारापेक्षा वरच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातून काठी टेकत काकी आली. आधी तिने मान वर करून पाहिलं. मग दोन्ही हात पट्ट्याभोवती घातले, तर तिची बोटं मागे एकमेकांना लागली.

"अगो," ती माझ्याकडे वळली, "ह्यो तर पोर आसा! आमच्या ओमकाराच्या कमरेचो!" ओमकार म्हणजे तिचा नातू, कॉलेजात शिकतो. "आणि मी जन्मभर ह्येका बापूस म्हणान भियत रवलंय."

तिने हात उंच करून त्याच्या गालावरून फिरवला. खरं सांगते, त्या धुक्यात मला तिथे गाल दिसला. मग तिने बाटली हलवून बघितली.

"रिकामी? पोराक तहानलेलो उभो केलंस?"

बुरशी लागेल म्हणून मितेश मला पडवीत ओलं फडकंही वाळत घालू देत नाही. त्याने गुपचूप बाटली काढली, विहिरीवर जाऊन भरून आणली आणि जागेवर अडकवली. लोकर भिजून खाली पाणी ठिबकू लागलं.

निघताना काकी पायरीवरून मागे वळली.

"येतंय हां मी," त्याला म्हणाली. "तू आता खंय जाव नको."

दुपारी मितेशने पुण्याला फोन लावला आणि आमचं यायचं जमत नाही म्हणून सांगितलं. माझ्या साड्या अजून दोरीवरच आहेत.